ठेव कुणाची, मत कुणाचं

पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये रद्द केला. ९५ टक्के ठेवीदारांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल, असंही तेव्हा सांगितलं. विम्याची मर्यादा पाच लाख. म्हणजे छोटा ठेवीदार सुटला. ज्याने जमिनीचे पैसे एकरकमी ठेवले असतील, तो अडकला. कोणी किती खाल्ले याची चर्चा गावोगाव झाली. मला त्याआधीचा प्रश्न जास्त छळतो: इतकी वर्षं सभासद काय करत होते?

नागरी बँकेत कर्ज हवं तर भाग घ्यावे लागतात आणि भागाबरोबर मत येतं. ठेव ठेवायला सभासद व्हावं लागत नाही. त्यामुळे ज्याचा पैसा त्याला बहुधा मत नाही, आणि ज्याने तो उचलला तो संचालक निवडणार! जे सभासद असतात त्यांची वार्षिक सभा आपण पाहिलेलीच आहे. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, ताळेबंदास मंजुरी देणे, मागच्या खुर्च्यांवरून ‘मंजूर, मंजूर’, मग वडा आणि चहा.

पनवेल ज्या रायगड जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्याच्या खारपट्टीत शेतकऱ्यांनी एकेकाळी नोंदणी नाही, लेखापरीक्षक नाही, अशा स्थितीत समुद्र थोपवून धरला होता. अलिबाग-पेणकडे त्या व्यवस्थेला जोळ म्हणत. बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या बांधाला, खांड पडली की भरतीचं पाणी सातबारा पाहून शिरत नाही. एकाने आळस केला तर सगळ्यांचं भात जातं, आणि जमिनीत मुरलेलं मीठ धुवून निघायला पावसाळे लागतात. म्हणून घराघरातून माणसं यायची, चिखलाची ढेकळं हातोहात सरकवत बांध चढवायची. जोळला सोवळं ठरवायचं कारण नाही. जमीन खोत-सावकारांची आणि राबणं कुळांचं, हे १९३३च्या चरी गावातल्या कुळांच्या संपाने चव्हाट्यावर आणलंच. पण बांधाचं ऑडिट भरती दिवसातून दोनदा करायची. १९४८ साली खारजमीन कायदा आला आणि हळूहळू बांध सरकारचे, डागडुजी ठेकेदाराची झाली. आता खांड पडली की लोक निवेदन देतात.

सहकारातही अशी रोजची नजर एकेकाळी होती. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यामागे विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळ होते, हे शाळेत शिकवतात. तिथला सभासद स्वतःचा ऊस घालायचा, हे मला तितकंच मोलाचं वाटतं. दूध संस्थेतही फॅट कमी लागली तर बाई खिडकीशीच भांडते, वार्षिक सभेची वाट पाहत नाही. पुढे कारखान्यांचं काय झालं ते सांगायला नको.

आता बँकेतल्या जमिनीच्या पैशांकडे पुन्हा येऊ. पनवेल-उरणकडे नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी जमिनी गेल्या. जानेवारी १९८४च्या आंदोलनातल्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला, प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या लढ्यातून गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळाले. लढले सगळे मिळून, पदरात पडलं ते मात्र ज्याचं त्याला. बरेच भूखंड बिल्डरकडे गेले, पैसे घरात, गाडीत, लग्नात आणि बँकेत.

याउलट पुण्याजवळ मगरपट्ट्याच्या शंभरावर शेतकरी कुटुंबांनी सुमारे चारशे एकर एकत्र करून स्वतःची कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले. ती सहकारी संस्था नव्हे. शिवाय बहुतेक घरं एका भावकीची, म्हणून जमलं, असं म्हणणारे अगदीच चूक नाहीत. तरी नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ नियोजन पट्ट्यात ज्या गावांकडे अजून जमीन आहे, त्यांनी तो व्यवहार नीट अभ्यासावा. कंपनी काढायची की संस्था, हे वकील सांगेल. गावाने ठरवायचं ते वेगळंच आहे: भाग विकायचा झाला तर आधी गावात विचारायचं का, महिन्याचा जमाखर्च देवळाच्या भिंतीवर लावायचा का, आणि बहिणींकडून हक्कसोड लिहून घेण्याआधी त्यांच्याही नावाचे भाग काढायचे का.