यशोदेची दोरी आणि सुट्टीतली मुलं



एप्रिलचा दुसरा आठवडा आला की आपल्या चिकोडी-निपाणी भागातल्या शाळांना सुट्टी लागते आणि मेअखेरीस त्या पुन्हा उघडतात. पलीकडं महाराष्ट्रातल्या शाळांची सुट्टी मे महिन्यात रंगात येते आणि जूनच्या मध्यापर्यंत चालते. त्यामुळं इथली नातवंडं आणि कोल्हापूर-पुण्याची भाचरं एका छपराखाली सापडतात ती जेमतेम मे महिनाभर. या महिन्यात घरोघरी एक प्रश्न उभा राहतो. मुलांना कुठं न्यायचं हे तर ठरतंच, वाडी, खिद्रापूर, गोकाक काहीतरी निघतंच. खरा प्रश्न असतो तो मुलांना किती धरायचं आणि किती सोडायचं याचा.

मागच्या सत्संगानंतर चहाच्या वेळी आम्हा बायकांत हाच विषय निघाला. एक आज्जी म्हणाल्या, "आम्ही तर पोरं भाईर काढतच न्हाई. मोबाईल बघत का असंनात, डोळ्यासमोर हाईत." त्यावर एक सूनबाई म्हणाली, "काकू, आम्ही विहिरीत उड्या मारून मोठ्या झालो आणि आमची मुलं गुडघाभर पाण्याला भितात. हे बरं का?" दोघींचं बोलणं मायेतूनच आलं होतं आणि दोघींचंही खोटं नव्हतं. दर उन्हाळ्यात नदीत, विहिरीत, कॅनॉलमध्ये मुलं बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्या दिवशी आपल्या घशाखाली घास उतरत नाही. म्हणून या प्रश्नावर नीट विचार करावा असं आम्हाला वाटलं.

भागवताच्या दशम स्कंधातली गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. बाळकृष्णानं दह्याचं मडकं फोडलं, लोणी पळवलं, तेव्हा यशोदामाई त्याला उखळाला बांधायला निघाली. दोरी दोन बोटं कमी पडली. तिनं दुसरी जोडली, तरी दोन बोटं कमी. घरातल्या साऱ्या दोऱ्या जोडल्या, तरी दोन बोटं कमीच. ती घामाघूम झाली, केस सुटले. तिचे कष्ट पाहून शेवटी कृष्णानं आपणहून बांधून घेतलं. एक बोट प्रयत्नाचं आणि दुसरं कृपेचं, असा अर्थ सत्पुरुष सांगत आले आहेत. आम्हा आयांना आणि आज्ज्यांना त्यात एक घरगुती अर्थही दिसतो. मुलाला पुरी पडेल एवढी दोरी कुठल्याही आईकडं नसते. मूल सांभाळलं जातं ते आईची तळमळ त्याला कळते आणि ते स्वतःहून ऐकतं तेव्हा.

गोष्ट इथं संपत नाही. बांधलेला कृष्ण उखळ ओढत दोन अर्जुनवृक्षांच्या मधून गेला आणि ती झाडं कडकडून कोसळली. नंद आणि गोकुळातली माणसं धावत आली. म्हणजे बघा, बाळ बांधलेलं होतं, अंगणातच होतं, तरी झाडं पडायची ती त्याच्या शेजारीच पडली. घरात ठेवलं म्हणजे सुरक्षित, हे यशोदेच्या घरी खरं ठरलं नाही, मग आपल्या घरी कसं ठरेल? रांगतं मूल घरातल्याच पाण्याच्या टबात बुडू शकतं. आणि दोन महिने मोबाईलपुढं बसलेल्या मुलाचं जे नुकसान होतं त्याची बातमी कुठल्या पेपरात येत नाही, एवढंच.

मग मोकळं सोडायचं का? तसंही नाही. आम्हाला वाटतं, धोके दोन जातींचे असतात. एक मुलाच्या डोळ्यांना दिसणारा, दुसरा न दिसणारा. या दोघांना एकच नियम लावला की गडबड होते.

संकेश्वरजवळच्या वल्लभगडाचंच घ्या. गड फार उंच नाही, लहान मुलंही चढतात. वाटेत दगड आहेत, उतार आहे, काटेरी झुडपं आहेत. हे सगळं मुलाला दिसतं. सात वर्षांचं पोर पडलं तर गुडघा फुटेल, रडेल, हळद लावली की परत पळेल. असल्या जागी आपण मागून "हळू, हळू, पडशील" असा जप लावतो आणि मूल पाय बघायचं सोडून आपल्याकडं बघत चालतं, म्हणून जास्तच पडतं. आमच्या घरातल्या मुलांना घेऊन आम्ही तिथं गेलो तेव्हा ठरवूनच बोलणं कमी केलं. सगळ्यात धाकटा दोनदा घसरला. दुसऱ्या वेळी उठून त्यानंच मोठ्या बहिणीला सांगितलं, "ताई, इथं माती सुटी आहे, बसून उतर." हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, घसरल्यामुळंच कळलं होतं.

आता गोकाकचा धबधबा. पावसाळ्यात घटप्रभा तिथं सुमारे १७० फुटांवरून कोसळते, तेव्हा लहान पोरालाही सांगावं लागत नाही, ते आपणच घाबरून मागं सरतं. पण मे महिन्यात धार बारीक होते आणि काळा खडक उघडा पडतो. मुलं म्हणतात, "पाणीच नाही की! चला पुढं जाऊ." पाणी आटलं तरी कडा तेवढाच उंच आहे, आणि शेवाळ वाळलेलं दिसलं तरी पाय सरकतोच. भीती वाटायला हवी तिथं नेमकी वाटत नाही. हा दुसऱ्या जातीचा धोका.

आपली कृष्णामाईही उन्हाळ्यात अशीच फसवी दिसते. येडूरला वीरभद्राचं दर्शन घेऊन काठावर गेलं किंवा नरसोबाच्या वाडीला घाटाच्या पायऱ्या उतरलं की पाणी कसं शांत, आत्ता चालत पलीकडं जाऊ असं वाटतं. पण वाळू काढलेल्या जागी खड्डे असतात, मध्येच डोह असतो, बंधाऱ्याच्या दारांजवळ पाण्याला ओढ असते. कॅनॉलचे काठ उतरते आणि गुळगुळीत असतात, त्यामुळं पोहता येणाऱ्यालाही बाहेर चढता येत नाही. वळवाचं आभाळ भरून येतं तेव्हा मुलं झाडाखाली आसरा घ्यायला पळतात आणि वीज पडायचा धोका तिथंच जास्त. हे मुलाला दिसत नाही, दिसणं शक्यही नाही. इथं मोठ्यांनी ठामपणे अडवायचं. "जाऊ नको" एवढंच न सांगता का ते दाखवायचं. लांब काठी घेऊन काठावरूनच खोली मोजून दाखवली आणि ती काठी हातभर अंतरावर एकदम बुडाली, की पुढचं व्याख्यान लागत नाही.

एकदा दूधगंगेच्या काठावर आम्ही डबे उघडून बसलो होतो. पुण्याची मुलं पाण्याकडं निघाली. पलीकडून म्हशी धूत असलेला एक शेतकरी ओरडला, "अल्ली आळ ऐत्रि, होगब्याड्रि!" पुण्याच्या मुलांना काहीच कळलं नाही, ती चालतच राहिली. आमच्या इथल्या नातीला कळलं, तिनं धावत जाऊन दोघांचे हात धरले आणि सांगितलं, "आळ म्हणजे खोल. मामा नको म्हणतायत." त्या दिवसापासून आमच्याकडं एक नियम झाला. कुठल्याही पाण्याशी गेलं की आधी तिथल्या माणसाला विचारायचं, आणि त्याचा शब्द शेवटचा. सीमाभागात दोन भाषा कानावर असणं हे असंही उपयोगी पडतं.

साने गुरुजींच्या 'श्यामची आई'त श्यामच्या पोहण्याची गोष्ट आहे. पोहायला जायला नको म्हणून श्याम लपून बसला, तेव्हा आईनं त्याला मारून विहिरीवर पाठवलं. आपल्या मुलाला कुणी भित्रा म्हटलेलं तिला सोसणार नव्हतं. परत आल्यावर त्याच्या अंगावरचे वळ बघून तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. पुस्तक १९३५ सालचं. आज तो मार आपल्याला पटणार नाही, पटूही नये. पण एक गोष्ट बघण्यासारखी आहे. त्या माऊलीनं मुलाला रिकाम्या विहिरीवर नाही पाठवलं. तिथं पोहणारी, सांभाळणारी माणसं होती. भीती मोडायची, पण एकट्यानं नाही, हा त्यातला विचार आम्हाला आजही खरा वाटतो.

आपल्याकडंही पाठीला सुका भोपळा बांधून, कमरेला दोर लावून वडील नाहीतर मामा मुलांना विहिरीत पोहायला शिकवायचे. आता भोपळ्याच्या जागी प्लास्टिकचा कॅन आला, पण शिकवणारा मामाच घरात उरला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून दगावली आणि त्यांतली जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांच्या आतली मुलं होती. उपाय म्हणून ही संघटना मुलांना पाण्यापासून कायमचं लांब ठेवा असं म्हणत नाही. धाकट्यांवर सतत मोठ्यांची नजर ठेवा, उघड्या पाण्याला कुंपण घाला आणि सहा वर्षांवरच्या मुलांना पोहायला व पाण्यात कसं वागायचं ते शिकवा, असं सांगते. आपल्या आज्या-पणज्यांनाही हेच माहीत होतं.

इथं मुलींबद्दल बोलल्याशिवाय पुढं जाता येत नाही. नदीकाठी गेलं की मुलगे पाण्यात आणि मुली डब्यांची राखण करत सावलीत, हे चित्र अजून बदललेलं नाही. "तिला कशाला पोहायला?" असं सहज म्हटलं जातं. पण पाणी मुलगा-मुलगी बघत नाही. ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा गावागावांत शिरल्या होत्या, तेव्हा पुराचं पाणी सगळ्यांच्याच दारात आलं. आणि धुणं धुवायला, पाणी आणायला काठावर सगळ्यात जास्त कोण जातं? बायकाच की! मग पोहणं आधी कुणाला यायला हवं?

दुसरी अडचण परक्या मुलांची. स्वतःच्या नातवाला आपण झाडावर चढू देतो, पण भाचीला नाही. काही झालं तर नणंदेला काय तोंड दाखवायचं? ही भीती आम्हालाही चुकलेली नाही. पण तपासून पाहिलं की कळतं, त्यात मुलाची काळजी अर्धी आणि आपल्याला लागणाऱ्या बोलाची काळजी अर्धी असते. यावर आम्हाला सापडलेला मार्ग साधा आहे. निघायच्या आधी मुलांच्या आई-बापांशी फोनवर बोलायचं, काय करू देणार आणि काय नाही ते सांगायचं, त्यांची हो-ना ऐकायची. तरीही ठेच लागेलच, हेही सांगून ठेवायचं. मग सगळ्या मुलांना एकच नियम लावता येतो आणि पाहुणी मुलं उपरी राहत नाहीत.

आता आपल्या श्रद्धेबद्दल. आपण घरातून निघताना दिव्याला नमस्कार करतो, महाराजांचं स्मरण करतो. करावंच. पण "त्यांच्यावर सोडलंय" असं म्हणून पाण्याकाठी मोबाईलवर फोटो बघत बसणं याला श्रद्धा म्हणवत नाही. दोन बोटांतलं प्रयत्नाचं बोट आपलं आहे, ते आपणच पुरं करायचं. आम्ही जातो तेव्हा पाळ्या लावतो. अर्धा तास एका मोठ्या माणसाचं काम फक्त पाण्याकडं बघणं. त्यानं भाकरी वाढायची नाही, फोन घ्यायचा नाही, गप्पा नाहीत. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, शांतपणेच खाली जातं, म्हणून कानावर नाही, डोळ्यांवर विसंबायचं. सोबत लांब दोर आणि झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन ठेवायचा. पोहता येत नसेल तर मागं उडी न घेता तो फेकायचा. आणि बाहेर काढलेल्या माणसाला गरगर फिरवत, पोट दाबत वेळ घालवायचा नाही. श्वास चालत नसेल तर लगेच तोंडानं श्वास देणं आणि छाती दाबणं सुरू करायचं, दुसऱ्यानं १०८ ला फोन लावायचा.

एवढं सगळं करूनही कधी कधी अघटित घडतं. ज्या घरात ते घडलं, तिथं जाऊन "लक्ष ठेवायला हवं होतं" असं कुणी म्हणू नये. दोरी दोन बोटं कमी पडते ती प्रत्येकाचीच. त्या माऊलीजवळ नुसतं बसावं.

आणि म्हणूनच, ज्यांची मुलं अंगणात खेळत आहेत त्यांनी भीतीनं दार लावून घेऊ नये. खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात ४८ खांबांच्या मधोमध, गोल उघड्या छताखाली उभं राहून मुलांनी आभाळ बघावं. "इथं नंदी का नाही?" असं विचारावं. "तो तिकडं आपल्या येडूरला आहे, सतीमाईला माहेरी घेऊन गेला होता," ही लोककथा आज्जीकडून ऐकावी. गडावर घसरावं, करवंदांनी हात चिकट करावेत, काठावर बसून दही-भात खावा. पुढं ती मोठी होऊन आपल्याशिवाय पाण्याकडं जातीलच. तेव्हा थांबायचं कुठं हे त्यांना आत्ताच्या या सहलींतूनच कळलेलं असेल.

या मे महिन्यासाठी सर्व परिवारांना एक विनंती. आपापल्या गावात पायऱ्यांची, भरवशाची विहीर किंवा तलाव कुठं आहे आणि शिकवणारं अनुभवी माणूस कोण, ते आपल्या घरच्या ग्रुपवर कळवावं. सहा वर्षांवरच्या मुलांच्या नावांची यादी करावी. यादीत मुलींची नावं आधी लिहावीत.

आपल्या सर्वांची सुट्टी आनंदात जावो, हीच प्रार्थना.