तातडीच्या उपचारातील करुणा आणि उपेक्षा

तातडीच्या उपचारात करुणा म्हणजे नेमके काय, हा प्रश्न वैद्यकाचा आहे तितकाच नीतिशास्त्राचाही आहे. बाह्यरुग्ण विभागात रुग्णाचे ऐकून घ्यायला, त्याला धीर द्यायला थोडी तरी सवड मिळते. कॅज्युअल्टीत ती मिळेलच असे नाही. एकाच वेळी पाच जखमी आले, तर एकाजवळ थांबणे म्हणजे उरलेल्या चौघांना थांबवणे होय. सर्वांविषयी सारखाच कळवळा असला, तरी हात दोनच असतात. म्हणून येथे करुणेला निवड करावी लागते, आणि निवड करणारी करुणा ही करुणाच राहते का, हा खरा पेच आहे.

जालना जिल्ह्यात हा पेच अनेक रूपांनी समोर येतो. १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झालेल्या या जिल्ह्याचे आठ तालुके बहुतांशी शेतीवर चालतात. पेरणी-खुरपणीच्या दिवसांत सर्पदंश, वर्षभर कीटकनाशकांची विषबाधा, जालना शहराच्या लोखंड-सळई कारखान्यांत भाजण्याचे अपघात आणि समृद्धी महामार्गासह इतर रस्त्यांवरील वाहनांच्या धडका, असे रुग्ण येथे येत राहतात. महाराष्ट्रात २०१४ पासून चालू असलेल्या १०८ सेवेत रुग्णवाहिकेवर चालक, म्हणजे तेथील भाषेत ‘पायलट’, आणि त्याच्यासोबत डॉक्टर असतो. हे डॉक्टर बऱ्याचदा बीएएमएस झालेले, म्हणजे चरकसंहिता अभ्यासक्रमात शिकलेले असतात. त्यामुळे या प्रश्नावर त्या ग्रंथाने काय म्हटले आहे, हे पाहणे केवळ पुराणप्रेमाचे ठरत नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वैद्याची वृत्ती चार प्रकारची सांगितली आहे. सर्वांशी मैत्री, पीडितांविषयी करुणा, बरा होऊ शकणाऱ्या रुग्णाविषयी प्रीती आणि जो मरणाच्या वाटेवर आहे त्याच्याविषयी उपेक्षा. योगसूत्रांतील आणि बौद्धांच्या चार ब्रह्मविहारांतील मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या मालिकेशी तिचे नाते उघड आहे. चौथी वृत्ती आजच्या वाचकाला खटकते. खटकायलाही हवी, कारण असाध्य रोग हाती घेतल्याने वैद्याचा अर्थ, विद्या आणि यश यांची हानी होते, असेही हाच ग्रंथ बजावतो. म्हणजे तेथील उपेक्षेत वैद्याच्या कीर्तीची काळजीही मिसळलेली आहे.

आपत्तीच्या प्रसंगी केल्या जाणाऱ्या वर्गवारीचा, म्हणजे ट्रायाजचा, पाया वेगळा आहे. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक दोमिनिक लारे याने जखमींचा हुद्दा न पाहता जखमेचे गांभीर्य पाहून क्रम लावण्याचा आग्रह धरला. पुढे त्यातून लाल, पिवळा, हिरवा आणि काळा अशी रंगांची पद्धत रूढ झाली. काळी पट्टी मिळालेल्या जखमीला मागे ठेवले जाते, पण डॉक्टरचे नाव राखण्यासाठी नव्हे. त्याच्यावर जाणारा वेळ वाचू शकणाऱ्या दुसऱ्याचा जीव घेईल, एवढेच त्याचे कारण असते. दोन्हीकडे कृती सारखी दिसत असली, तरी हेतूने तिचे नैतिक मूल्य बदलते.

पाचव्या शतकातील बौद्ध आचार्य बुद्धघोष याने ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात हा भेद अधिक सूक्ष्मपणे मांडला आहे. त्याच्या मते प्रत्येक सद्भावनेला एक दूरचा शत्रू असतो आणि एक जवळचा. करुणेचा दूरचा शत्रू क्रौर्य. ते लगेच ओळखू येते. जवळचा शत्रू म्हणजे शोक, जो करुणेसारखाच दिसतो. उपेक्षेचा जवळचा शत्रू म्हणजे अज्ञानातून आलेली बेपर्वाई. रस्त्यावर जखमी बालक पाहून ज्या डॉक्टरचे हात थरथरतात, त्याला लोक हळवा म्हणतील. पण त्या क्षणी त्याचा शोक बालकाच्या कामाचा नाही. उलट, काळी पट्टी बांधून जो पुन्हा वळून पाहत नाही, त्याची उपेक्षा बेपर्वाईत उतरली आहे. वर्गवारी एकदा करून संपत नाही. ती पुन्हा पुन्हा तपासायची असते, कारण स्थिती बदलते आणि नवे हात येऊन मिळतात. मागे ठेवलेल्याची वेदना कमी करणे आणि शक्य असेल तर त्याच्याजवळ कोणाला तरी बसवणे, हाही उपचारच आहे.

विषप्राशनाच्या रुग्णाबाबत करुणेची वेगळी कसोटी लागते. येथे निवड रुग्णांमधली नसते; आपल्या मनातला निवाडा बाजूला ठेवण्याची असते. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचे कीटकनाशक पोटात गेलेल्या माणसाला ॲट्रोपिन हे औषध द्यावे लागते. त्याचा अंमल चढला की रुग्ण बरळतो, नळ्या ओढू लागतो. कधी त्याचे हात बांधावे लागतात, आणि नातेवाइकांना तो छळ वाटतो. अशा वेळी ‘हे औषधामुळे होतंय, घाबरू नका’ हे एक वाक्य कोणी बोलले की नाही, यावर वॉर्डातले वातावरण ठरते. त्याच खाटेजवळ ‘असं का केलंस?’ म्हणून दरडावणारेही भेटतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरायला सांगितले आहे. कायद्याने येथे नीतीचे काम सोपे केले. दरडावणाऱ्यांपर्यंत ते पोचले आहे असे मात्र दिसत नाही.

शुश्रूषा करणाऱ्याविषयी आयुर्वेद आणि बौद्ध या दोन्ही परंपरा जवळजवळ एकच बोलतात. चरकाने परिचारकाला उपचाराचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता हे चार गुण लावले. बौद्ध विनयपिटकात औषध तयार करता येणे, पथ्यापथ्य कळणे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्र-ओकारीची किळस न येणे आणि धर्मकथेने मन प्रसन्न करता येणे, असे पाच गुण आहेत. दोन्ही याद्यांत कौशल्य आधी येते आणि प्रेम नंतर. हा क्रम योगायोगाचा असेलही, पण कॅज्युअल्टीतल्या माणसाला तो पटतो.

ख्रिस्ती परंपरा हा प्रश्न रस्त्यावरून जाणाऱ्याच्या बाजूने विचारते. जालन्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नारायण शेषाद्री यांनी मिशनचे काम केले आणि शहराजवळ बेथेल ही वसाहत वसवली. मिशनच्या दवाखान्याची ओळखही शहराला जुनी आहे. लूकच्या शुभवर्तमानातील शोमरोनी माणूस जखमा बांधतो, जखमीला आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेतो, पुढच्या खर्चाचे पैसेही देतो. आजच्या भाषेत प्रथमोपचार, वाहतूक आणि पुढची सोय, तिन्ही त्यात आले. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने मदत करणाऱ्याला दिवाणी-फौजदारी कारवाईपासून संरक्षण दिले. तरीही पोलिसांच्या फेऱ्यांची भीती लोकांच्या मनात उरली आहे.

उपेक्षेचा सर्वांत मोठा गैरवापर व्यक्तीकडून होत नाही, तो व्यवस्थेकडून होतो. साधने त्या घटकेला कमी पडली तर क्रम लावणे न्याय्य असते. ती वर्षानुवर्षे कमीच ठेवली, तर क्रम लावणाऱ्या डॉक्टरच्या माथी दुसऱ्याच कोणाचा तरी निर्णय मारला जातो. ‘घाटीला न्या’, म्हणजे सुमारे साठ किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयात न्या, हे जालन्यातल्या अनेक कुटुंबांनी ऐकलेले वाक्य आहे. २०२४ मध्ये जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने त्याची गरज कमी व्हावी, अशी अपेक्षा आहे. तोवर, आणि नंतरही, पाठवण्याची एक रीत आहे. परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य ठरवले, पोलिसी सोपस्कार त्यानंतर. त्यानुसार रुग्णाचा श्वास आणि रक्तस्राव आधी सांभाळायचा, पुढच्या रुग्णालयाला फोन करून कळवायचे, दिलेली औषधे वेळेसह चिठ्ठीवर लिहायची आणि का पाठवत आहोत ते सोबतच्या माणसाला समजेल अशा भाषेत सांगायचे.