हौसेची मजुरी

श्रमाला प्रतिष्ठा असावी, हे वाक्य आपल्या सभासंमेलनांतून इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की त्याला विरोध करणारा मनुष्य आता शोधूनही सापडावयाचा नाही. परंतु ज्या तत्त्वाला कोणी विरोध करीत नाही, ते कोणी फारसे आचरीतही नाही, असा पुष्कळदा अनुभव येतो. या तत्त्वाची परीक्षा पाहणारा एक नवा प्रसंग अलीकडे आपल्या सुशिक्षित कुटुंबांपुढे येऊन ठेपला आहे.

परदेशातील तरुणांनी आपला देश पाहावयास यावे आणि प्रवासाचा खर्च भागावा म्हणून मधून मधून मजुरी करावी, अशी एक योजना ऑस्ट्रेलियाने १९७५ साली सुरू केली. २०२४ सालापासून तिचे दार भारतीय तरुणांसही उघडले. वय १८ ते ३०, जागा वर्षाकाठी १०००, आणि निवड चिठ्ठ्या टाकून. पहिले वर्ष संपल्यावर आणखी एक वर्ष राहावयाचे असेल, तर ठरावीक प्रदेशात ठरावीक प्रकारचे काम तीन महिने केले असले पाहिजे. या कामांत बागेतील फळे तोडणे हे सर्वांच्या परिचयाचे होय.

याच विदर्भातून दुसरीही एक यात्रा दरवर्षी निघते. धानाचा हंगाम आटोपला की गडचिरोली-चंद्रपूरकडील मजूर मिरची तोडावयास तेलंगणात जातात. तिला चिठ्ठी लागत नाही आणि वयाची अटही नाही. तान्ही मुलेसुद्धा बरोबर असतात. २०२० च्या टाळेबंदीत यांपैकी कित्येक परमुलखात अडकून पडले आणि कित्येक पायी घराकडे निघाले, तेव्हा कोठे त्यांच्या यात्रेची वार्ता शहरात पोचली. दोघेही हंगामी मजूरच. पण एकाच्या जाण्याला आपण अनुभव म्हणतो आणि दुसऱ्याच्या जाण्याला पोट भरणे म्हणतो. हा भेद खरा आहे काय, आणि असल्यास कोठे आहे, हा माझ्यापुढील प्रश्न आहे.

पहिला आक्षेप दांभिकपणाचा. धरमपेठेतील मुलगा काटोल-नरखेडच्या बागेत आंबिया बहाराची संत्री तोडावयास गेला, तर घरात सुतक पडेल. तोच ऑस्ट्रेलियात फळे तोडू लागला, तर त्याची छायाचित्रे आप्तेष्टांस कौतुकाने दाखविली जातील. यावर कोणी म्हणेल की, अंतर मजुरीचे आहे. ते आहेच. तेथे २०२२ च्या एप्रिलपासून तोडलेल्या मालावर मजुरी घेणाऱ्यासही तासामागे किमान वेतनाची हमी मिळाली आहे. आपल्याकडे कापूस वेचणाऱ्या बाईचा हिशेब मात्र किलोवर होतो. बोंडे विरळ निघाली, दव पडले किंवा अंगात ताप असला, तरी तराजू काही तिची वाट पाहत नाही. परंतु मजुरीने लाजेचा उलगडा होत नाही. उद्या काटोलच्या बागायतदाराने ऑस्ट्रेलियाइतकी मजुरी देऊ केली, तरी आमचा मुलगा तेथे जाईल काय? बहुधा नाही; कारण काटोलात त्याच्या वडिलांस ओळखणारे लोक आहेत. म्हणजे लाज श्रमात नसून शेजाऱ्याच्या डोळ्यांत आहे. आणि अमुक काम अमक्याचे नव्हे, हा जो जातीचा जुना निवाडा, तोच त्या डोळ्यांतून बोलत असतो. समुद्र ओलांडल्याने तो निवाडा रद्द होत नाही. तेथे तो बजावणारा कोणी नसतो, इतकेच.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. हौसेने केलेले श्रम हे श्रमच नव्हेत, असे त्याचे म्हणणे. नागपूरकरांस हा वाद नवा वाटू नये. शरीरश्रमास व्रत मानणाऱ्या गांधीजींनी १९३६ साली आपल्या शेजारी सेवाग्राम येथे वस्ती केली, आणि तेथून जवळच पवनार येथे विनोबांनी पुढे हाच प्रयोग चालविला. त्यांच्याविषयीही हीच शंका घेता येते की, व्रत घेणाऱ्यास ते सोडता येते, मजुराला मजुरी सोडता येत नाही. फ्रान्समधील सिमोन वेल ही तत्त्वज्ञानाची अध्यापिका १९३४-३५ मध्ये कारखान्यांत राबली आणि १९४१ साली तिने द्राक्षांच्या तोडणीवर मजुरी केली. कारखान्यातील अनुभवातून तिने जाणले ते असे की, माणसाला मोडते ते थकव्यापेक्षा अपमानाने.

मला वाटते, खरा भेद येथेच सापडतो. दुखणारी पाठ दोघांची सारखीच. परंतु एकाच्या खिशात परतीचे तिकीट आहे आणि दुसऱ्याच्या श्रमाला शेवटची तारीख नाही. म्हणून हौसेच्या मजुराला शरीराचे दुःख कळते, निरुपायाचे कळत नाही. तथापि या नियमास एक अपवाद आहे, आणि तो विचार करण्याजोगा आहे. दुसरे वर्ष मिळविण्यासाठी जे तीन महिने भरावे लागतात, त्या अवधीत तो तरुणही थोडासा अडलेला असतो. काम सोडावे तर दिवस भरत नाहीत. तक्रार करावी तर मालकाची मर्जी जाते. अशा तरुणांस कमी वेतन देऊन राबविल्याच्या तक्रारी त्या देशात पुष्कळ झाल्या आहेत. त्या फसवणुकीचे समर्थन कोणीही करू नये. परंतु मिरची तोडणाऱ्या मजुराचे जग त्या तरुणास कोठे दिसलेच, तर अशा अडलेल्या दिवसांतच दिसेल.

मग मुलांनी जावे की न जावे? खुशाल जावे. त्यांनी आधी काटोलास जावे, असाही हट्ट मी धरणार नाही. खरी कसोटी परतल्यावर लागते. आपल्यापैकी कित्येकांची गावाकडे अजून शेती आहे. दिवाळीच्या सुमारास वेचणीचा दर ठरतो, आणि किलोमागे एकदोन रुपयांसाठी दिवाणखान्यात बसून घासाघीस होते. ज्याने परदेशी उन्हात स्वतः टोपल्या भरल्या, तो मुलगा त्या वेळी घरात असेल. त्याने वडिलांचा हात धरून दर वाढवावयास लावला, तर त्याची मजुरी खरी झाली. तो गप्प बसला, तर ती नुसती सुटीच होती, असे म्हणावे लागेल.