नेमकं काय बदललं?

स्थाननिश्चितीच्या, म्हणजे बढतीच्या, प्रस्तावासाठी गेल्या आठवड्यात मी माझी प्रमाणपत्रं लावायला बसलो. एकतीस भरली. ओरिएंटेशन, रिफ्रेशर, चर्चासत्रं आणि करोनाच्या काळात घरबसल्या मिळवलेला एक जाडजूड गठ्ठा. त्यातल्या निम्म्या कार्यक्रमांत मी कॅमेरा बंद ठेवून जेवलो, एकदोनदा चक्क झोपलो आणि शेवटी अभिप्रायाचा फॉर्म मात्र न चुकता भरला. तो भरल्याशिवाय प्रमाणपत्र येत नसे.

फाइल बांधून झाल्यावर का कोण जाणे, वर्गात वापरतो ती टिपणांची वही उघडली. मी अर्थशास्त्र शिकवतो. ‘नियोजन आयोगाची कार्ये’ या मथळ्यातल्या पहिल्या दोन शब्दांवर पेन्सिलीनं काट मारून वर ‘नीती आयोग’ लिहिलेलं. खालची कार्ये तीच, जुनी.

ती काट कधी मारली, ते मला चांगलं आठवतं. १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी विद्यापीठांत ‘ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजं’ निघाली. २०१५मध्ये ती ‘मानव संसाधन विकास केंद्रं’ झाली, २०२३मध्ये मालवीय मिशनची केंद्रं. पहिला नावबदल ताजा असतानाच माझं चार आठवड्यांचं ओरिएंटेशन झालं. तिथं एका वयस्क सरांनी सांगितलं, ‘तासाची शेवटची पाच मिनिटं मुलांना द्या. जे कळलं नाही ते चिठ्ठीवर लिहू द्या, नाव न घालता.’ परत आल्यावर मी आठवडाभर चिठ्ठ्या घेतल्या. एकीवर लिहिलेलं होतं : ‘सर, नियोजन आयोग जाऊन नीती आयोग आला, म्हणजे नेमकं काय बदललं?’

मला सांगता आलं नाही. राज्यांना योजनेचा निधी वाटण्यात नियोजन आयोगाचा हात असे आणि नीती आयोगाला तो अधिकार नाही, एवढं तरी एका संध्याकाळच्या वाचनात सापडलं असतं. मी वाचलं नाही. वहीत नाव बदललं आणि पोर्शन मागे पडतोय, या सबबीवर चिठ्ठ्या बंद केल्या. चार आठवड्यांत हाती लागलेली एकमेव कामाची गोष्ट मी सहा दिवसांत संपवली.

दुसरी नोंद याहून जड आहे. काही वर्षांनी आमच्या महाविद्यालयात ‘प्राध्यापक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी व्यावसायिक विकास परिषद’ झाली. समन्वयक मी होतो. फलकावर शिक्षकेतर होते. प्रत्यक्षात कार्यालयातली मंडळी नोंदणीच्या टेबलावर, शिपाईमामा खुर्च्या आणि चहाच्या मागे. सहभागींची संख्या भरावी म्हणून मी त्यांच्याही सह्या घेतल्या. विद्यार्थीकेंद्री शिक्षणावर बीजभाषण चालू असताना शिष्यवृत्तीचं काम बघणारे भाऊसाहेब दारात उभे होते. सही करता करता हळूच म्हणाले, ‘सर, पोरं मधूनच का गळतात, ते मला विचारा की. आधारला खातं जोडलेलं नसतं, शिष्यवृत्ती अडकते, यष्टीच्या पासालाही पैसे उरत नाहीत. माझ्या खिडकीपर्यंत येतात, मग यायचीच बंद होतात.’

मी म्हणालो, ‘नंतर बोलू, भाऊसाहेब,’ आणि पुढच्या रकान्यावर बोट ठेवलं.

तो ‘नंतर’ अजून आलेला नाही. परिषदेचा अहवाल मात्र आला, जिओटॅग केलेल्या फोटोंसह. त्यात फलनिष्पत्तीखाली मी लिहिलं, ‘विद्यार्थीकेंद्री दृष्टिकोन वाढीस लागला.’ हे वाक्य परिषदेच्या आदल्या रात्रीच टाइप करून ठेवलं होतं.

दोष द्यायला जागा भरपूर आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१०च्या नियमांनी आमच्या कामाला एपीआयचे, म्हणजे शैक्षणिक कामगिरी मोजणारे, गुण लावले. २०१८मध्ये ते गुण गेले, पण बढतीसाठी प्रशिक्षणाची अट राहिली आणि आमची धावपळही. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला पुरावे लागतात. हे सगळं खरं आहे आणि वर्षानुवर्षं मी ते स्टाफरूममध्ये मोठ्यानं सांगत आलो आहे. पण चिठ्ठ्या बंद करा, असा कोणताही शासननिर्णय निघाला नव्हता. भाऊसाहेबांचं ऐकू नका, असं अनुदान आयोगानं कळवलं नव्हतं. दहा मिनिटं त्यांच्याजवळ उभं राहायला गुण लागत नव्हते. गुण मिळणार नव्हते, म्हणूनच मी उभा राहिलो नाही.

कॉपी करणाऱ्या मुलाला मी परीक्षेच्या हॉलमधून उठवलेलं आहे. त्याच्या खिशात एक चिठ्ठी होती. माझ्या फाइलीत एकतीस आहेत.

प्रस्ताव आता तयार आहे. त्यात कार्यक्रमाचं नाव, आयोजक संस्था, कालावधी, श्रेणी असे रकाने आहेत. ‘यामुळे तुमच्या वर्गात नेमकं काय बदललं?’ असा रकाना नाही. असता, तर तोही मी भरला असता.