निवड कोणी कोणाची करावी?

मूल तीन वर्षांचे झाले की त्याच्यासाठी बालवाडी निवडण्याचा प्रश्न पालकांपुढे उभा राहतो. ज्याच्यासाठी ही निवड करावयाची, त्याला आवडनिवड असते. ती मांडण्याइतके शब्द नसतात. दुसऱ्याच्या वतीने घेतलेल्या निर्णयातील नैतिक जोखीम ती हीच. पालक बहुधा पुढे घडणाऱ्या माणसासाठी शाळा शोधतात आणि समोरचे, मातीत हात घालू पाहणारे मूल नजरेआड होते. बालवाडीच्या प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या मुलाखती बंद कराव्यात, अशी शिफारस 1993 साली यशपाल समितीला करावी लागली. शाळाच मुलांची निवड करू लागल्या होत्या.

ताराबाई मोडक यांनी हा संबंध फार पूर्वीच उलटा मांडला होता. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, या विचारातून 1945 मध्ये बोर्डी येथे आरंभलेल्या कार्यात अंगणवाडी आकाराला आली. पुढे कोसबाडला त्यांनी व अनुताई वाघ यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणल्या. धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी त्याला घरी टाकून शिकायला येणार कशी? गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळा कुरणावर गेली.

मुलासाठी शाळा स्वतः किती बदलते, ही निवडीची कसोटी येथे हाती लागते. मात्र ती केवळ आपल्याच मुलापुरती वापरणारा पालक सुज्ञ ठरेल. न्यायी ठरण्यासाठी त्याला निवडीची संधीच नसलेल्या मुलाचाही विचार करावा लागेल.