उसना संयम

पैलवान ‘लंगोटाचा पक्का’ आहे असे आपण म्हणतो तेव्हा त्याच्या कुस्तीबद्दल एक अक्षरही बोलत नसतो, बोलतो ते त्याच्या शीलाबद्दल. तालमीत मारुतीला नमस्कार करून, लाल माती कपाळाला लावून जोर-बैठका सुरू होतात, आणि तिथून पुढे सगळ्यांनी धरूनच चाललेले असते की अंगातली ताकद ही मनाच्या निग्रहाची पावती आहे. दूध, तूप, बदाम हा खुराक झाला. खरी शक्ती संयमाची. पुणे जिल्ह्यातल्या गावजत्रांत शेवटच्या कुस्तीला फडाभोवती माणूस मावत नाही, त्यात या श्रद्धेचा वाटा मोठा आहे. म्हणून असा मल्ल दारूला लागला की गाव त्याला आजारी म्हणत नाही, ‘वाया गेला’ म्हणते. शंभर किलोचा माणूस चितपट करणाऱ्याला पावशेराची बाटली आवरू नये, याचा गावाला राग येतो. हा राग खोटा नाही. पण तो ज्या समजुतीवर उभा आहे ती तपासून पाहिली पाहिजे.

तपासायला एक उदाहरण पुरे. अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावचा मायकेल डोक्स हा हेवीवेट मुष्टियोद्धा. एवढ्या वजनाच्या माणसाच्या हातात इतका वेग क्वचित दिसतो. 10 डिसेंबर 1982 रोजी त्याने माइक वीव्हरला अवघ्या 63 सेकंदांत हरवून डब्ल्यूबीएचे जगज्जेतेपद घेतले. पंचाने लढत घाईने थांबवली अशी ओरड झाली, तरी पट्टा त्याच्याच कमरेला राहिला. नऊ महिन्यांनी, 23 सप्टेंबर 1983 ला, अ‍ॅक्रनपासून जवळच असलेल्या रिचफिल्डला दक्षिण आफ्रिकेच्या गेरी कोत्झेने त्याला दहाव्या फेरीत लोळवले. तोवर कोकेनने त्याला धरले होते, आणि पुढे त्याने ते कबूलही केले. 1989 मध्ये तो होलीफिल्डशी दहा फेऱ्यांपर्यंत असा झुंजला की जाणकार आजही त्या लढतीची आठवण काढतात. म्हणजे गुण संपलेला नव्हता, धैर्यही संपलेले नव्हते. 2012 मध्ये 54 व्या वर्षी यकृताच्या कर्करोगाने तो गेला. होलीफिल्डचे ठोसे दहा फेऱ्या झेलणाऱ्याला मनोबल नव्हते असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? होते, पण ते एका ठिकाणी चालत होते आणि दुसऱ्या ठिकाणी मुळीच चालत नव्हते. ताकद आणि निग्रह हे एकाच झाडाचे फळ असते तर असे झाले नसते.

हे कोडे आपल्या परंपरेला नवे नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे एक सूक्त आहे. मित्र निघाले तरी आज आपण मागे राहायचे असे तो ठरवतो. पटावर फाशांचा खडखडाट झाला की पाय आपोआप तिकडे वळतात. व्यसनाचे इतके नेमके वर्णन नंतर फारसे कोणी केलेले नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन हाच प्रश्न सोलून विचारतो: मनात नसताना, जणू कोणी बळाने ढकलावे तसा माणूस पाप करतो, तो कोणाच्या जोराने? प्रश्न विचारणारा त्या काळचा अव्वल योद्धा आहे, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. आज आपल्याकडे याची दोन तयार उत्तरे आहेत. कीर्तनकार म्हणतो, हे पाप. डॉक्टर म्हणतो, हा आजार. पहिल्याने माणूस दोषी ठरतो, दुसऱ्याने सुटतो. (आपला कायदा तर तिसरेच बोलतो: 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली पिण्याचा परवाना मिळतो तो ‘प्रकृती राखण्यासाठी’!) भांडण जुने आहे, पण दोन्ही पक्षांनी एक गोष्ट वाद न घालता मान्य केली आहे. दोष असो वा रोग, तो एकट्या माणसाच्या कातडीच्या आत आहे, हे ते गृहीतक. मला तिथेच चूक दिसते.

संयम ही एकट्याची मिळकत कधीच नसते, तो उसना असतो, असे माझे म्हणणे आहे. पैलवान पहाटे चारला उठतो तो स्वतःच्या निग्रहाने नव्हे. वस्ताद उठवतो, शेजारचा गडी उठलेला असतो, आणि न उठणाऱ्याची दिवसभर टिंगल होते. त्याचा संयम तालमीच्या भिंतींत असतो. नाव झाले, पैसा आला, मुक्काम हॉटेलात पडू लागला की माणूस बाहेर पडतो आणि संयम तालमीतच राहतो. दौंड तालुक्यातल्या भांडगावाच्या लोकांना हे तत्त्व दरवर्षी रस्त्यावर दिसते. यवतचा मुक्काम हलवून तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने भांडगावावरून वरवंडला जाते. त्या दिंड्यांत ज्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे त्यांना दारू आणि मांस वर्ज्य. माळ आतल्या आत घेण्याचे व्रत नाही. ती दुसऱ्याच्या हातून गळ्यात पडते, आणि सदऱ्याच्या वर दिसते. माळकरी गुत्त्याकडे वळला तर त्याच्या मनाआधी रस्त्यावरच्या चार जणांना कळते. याच तालुक्यात उसाची गुऱ्हाळे आहेत, आणि गूळ व नवसागर यांपासून हातभट्टी कशी होते हे शिकवायला कोणी लागत नाही. मोह आणि माळ एकाच शिवारात नांदतात; फरक पडतो तो सोबतीने. गंमत अशी की डोक्सच्या त्याच अ‍ॅक्रन गावात 1935 मध्ये बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन दारुड्यांनी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सुरुवात केली. त्यांची पहिली पायरी हीच की दारूपुढे माझे काही चालत नाही असे चार जणांसमोर कबूल करायचे. वारकऱ्याला हे परके वाटू नये.

महाराष्ट्रातले जवळचे नाव म्हणजे विनोद कांबळी. इथे जपून बोलले पाहिजे. 17 कसोटी, 1084 धावा, 54.20 ची सरासरी, लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतके. आणि शेवटची कसोटी 1995 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी. ही कारकीर्द दारूनेच बुडवली असे सांगणे सोपे आहे, पण ते सिद्ध करता येणार नाही. उसळत्या चेंडूपुढची अडचण होती, घोट्याची दुखापत होती, निवड समितीची मर्जी होती. नंतरच्या आयुष्याची दारूने काय दशा केली ते मात्र त्याने लपवलेले नाही. 2022 मध्ये त्याने जाहीरपणे सांगितले की क्रिकेट मंडळाचे महिना 30 हजार रुपये निवृत्तिवेतन एवढेच आपले उत्पन्न आहे. डिसेंबर 2024 मध्ये शिवाजी पार्कवर सचिन तेंडुलकर आणि कांबळी या दोघांचे सर रमाकांत आचरेकर यांच्या स्मारकाचे अनावरण झाले तेव्हाची चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. सचिन व्यासपीठावर त्याच्याजवळ जातो, खुर्चीत बसलेला कांबळी त्याचा हात धरतो आणि सोडत नाही. लोकांनी त्या हातात करुणा पाहिली, कोणी उपहासही केला. 1988 मध्ये हॅरिस ढालीच्या सामन्यात ज्या दोन पोरांनी 664 धावांची भागी केली, त्यांचेच ते हात.

माझ्या म्हणण्यावर पहिला टणक आक्षेप येतो तो इथूनच. सर एक, मैदान एक, शाळा एक. मग एक सावरला आणि एक घसरला, तो फरक माणसाच्या आतलाच नाही का? थोडा असेल. जन्मजात स्वभाव नाकारण्याची मला गरज नाही. पण सचिनने दारू-तंबाखूच्या जाहिराती नाकारल्या त्याचे कारण त्याने स्वतः काय सांगितले ते पाहा. ‘माझे तत्त्व’ असे तो म्हणाला नाही. वडिलांना शब्द दिला होता, असे म्हणाला. रमेश तेंडुलकर 1999 मध्ये गेले, तरी शब्द पाळला जात राहिला. दुसऱ्याला दिलेला शब्द हाच त्याचा निग्रह होता. दोघांचे सर एक होते हे खरे, पण सरांच्या मैदानाबाहेर कोणाला कोणाची सोबत होती हा हिशेब आपण मांडतच नाही.

दुसरा आक्षेप शास्त्राचा. स्वतःचा उद्धार स्वतःच करावा, आपणच आपले बंधू आणि आपणच आपले शत्रू, असे गीताच सांगते. बरोबर. पण ते कोण कोणाला सांगत आहे? धनुष्य टाकून रथात बसलेल्या माणसाला त्याचा सखा सांगत आहे, तेही अठरा अध्याय, लगाम आपल्या हातात ठेवून. एकट्याने उठता आले असते तर गीतेची गरजच नव्हती. एकट्याने सोडणारे असतात, हेही मान्य. रात्री अकरा वाजता पेला खाली ठेवणारा हात एकाचाच असतो. त्या हाताचे श्रेय मी काढून घेत नाही. तरी त्यांना विचारले तर मुलीचे लग्न, आईची शपथ, नव्या कामावरचा साहेब, असे कोणीतरी गोष्टीत निघतेच.

तिसरा आक्षेप धाकाचा: सोबत कशाला, जबर शिक्षा पुरे. पण महाभारताच्या मौसलपर्वात यादवांनी द्वारकेत दारूबंदी केली होती आणि शिक्षा होती दारू गाळणाऱ्याला नातलगांसह सुळावर देण्याची. त्याच पर्वात, थोड्याच श्लोकांनी, ते प्रभासला पिऊन एकमेकांना मारतात. शिरूरपलीकडे पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीला, पिणाऱ्यांना खांबाला बांधून लष्करी पट्ट्याने फोडल्याचे अण्णा हजाऱ्यांनी स्वतःच सांगितले आहे. राळेगण सुधारले, यात वाद नाही. मात्र पट्ट्याच्या आधी यादवबाबांचे देऊळ उभे राहिले होते, त्या देवळात गावाने एकत्र बसून ठराव केला होता, आणि पाणी अडवून लोकांच्या हाताला काम दिले होते. पट्टा लक्षात राहतो कारण तो सांगायला सोपा. ऋग्वेदातला तो जुगारी तरी शेवटी काय उपदेश ऐकतो? शेत नांगर, ही तुझी गुरे, ही तुझी बायको. सुळाचे तिथे नाव नाही.

सगळ्यात अवघड आक्षेप अजून राहिला. संयम उसना असेल तर पापही उसनेच. मग कोणालाच जाब विचारायचा नाही का? डोक्सने पुढे आपल्या वाग्दत्त वधूला इतके मारले की त्याला तुरुंगात वर्षे काढावी लागली. कोकेनने मारले, असे तिला सांगायचे? नाही. नलाख्यानात हा पेच आला आहे. बारा वर्षे टपून बसलेला कली नलाच्या पाय धुण्यातल्या एका चुकीतून आत शिरतो, नल राज्य हरतो आणि झोपलेल्या दमयंतीला रानात टाकून जातो. शेवटी तो म्हणतो, ते मी केले नाही, कलीने केले. पण दमयंतीने त्याआधी त्याला जे कसून पारखले ते विसरू नये. माफी तिने द्यायची होती, त्याने घ्यायची नव्हती. दुसऱ्याला केलेल्या इजेचे खाते वेगळे आहे, तिथे उधारी चालत नाही. स्वतःच्या पतनाचा जाब मात्र पेल्यापाशी विचारण्यात अर्थ नाही. तो त्याआधी विचारावा: सोबत सोडलीस कधी, आणि परत यायला का तयार नाहीस? कपिल देव यांनी कांबळीला मदत देऊ केली ती याच अटीवर की आधी त्याने उपचाराला जावे. अट कठोर वाटली, पण ती माणसाचा मान राखणारी होती. शिवाय नलातून कली निघतो तो ऋतुपर्णाने दिलेल्या अक्षविद्येने, आणि तेव्हा नल दुसऱ्याच्या घोड्यांची चाकरी करत असतो.

कांबळी याआधीही अनेकदा व्यसनमुक्ती केंद्रांत जाऊन आला होता, असे त्याच्या मित्रानेच तेव्हा सांगितले. मग सोबत तरी कुठे कामाला आली, असे कोणी म्हणेल. केंद्रातली सोबत आठवड्यांची असते, गल्ली मात्र तीच राहते. पुण्यात 1986 मध्ये अनिल आणि सुनंदा अवचटांनी मुक्तांगण सुरू केले तेव्हापासून तिथे घरच्यांना उपचारात ओढले जाते आणि बाहेर पडलेल्यांना सभांना बोलावत राहतात, ते याचसाठी. वारीही पंढरपूरला संपत नाही. माळकऱ्याला दर पंधरवड्याची एकादशी असते. रात्री गावच्या देवळात भजनाला टाळकरी गोल बसतात, आणि एक टाळ खुंटीवर तसाच राहिला तर अभंग सुरू व्हायच्या आधी कोणीतरी विचारते, तो आज का नाही आला, जा रे, बघून ये.