पट्ट्याखालचा तराजू

दिव्य कुरआनातील ८३ व्या अध्यायाचे नावच ‘अल-मुतफ्फिफीन’, म्हणजे मापात कपात करणारे, असे आहे. हा इशारा केवळ दुकानदारासाठी नाही. कारखान्यात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याखालीही तराजू असतो. पट्ट्यावरील भार आणि पट्ट्याची गती यांवरून तो मालाचे वजन ठरवितो. त्याच्या चौकटीवर धूळ व चिखल साचला, की रिकामा पट्टाही वजन दाखवू लागतो. चौकटीखाली खडा अडकला, की खरे वजन कमी भरते. कोणी दांडी मारलेली नसते, तरी कोणाचा तरी हक्क बुडतो.

म्हणून चौकट साफ करणे, रिकामा पट्टा पूर्ण फेरे फिरवून शून्य तपासणे आणि प्रमाणित वजनाने पडताळणी करणे ही केवळ नोकरी नव्हे, अमानत आहे. नकळत झालेली चूक अल्लाह क्षमा करील अशी आशा आहे. पण तपासणी न करताच नोंदवहीत सही करणारा त्याच्यापुढे कोणते कारण सांगेल?

अंतःकरणावरही रोज धूळ बसते. निजण्यापूर्वी आपणही आपले शून्य तपासावे. अल्लाह आम्हां सर्वांना न्यायाने तोलण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.